कंबरदुखी: गोळ्या पचत नाहीत, शेक / मशीन / मसाज / व्यायाम यातलं खरंच काय लागू पडतं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज कंबरेने लिहायला लावलं. वय ४३, कराडला एका पतसंस्थेत काउंटरवर असते, म्हणजे सकाळी दहाला खुर्चीत बसलं की डबा खायला उठते तेवढंच. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा जुना तांब्याचा बंब खाली घेताना कंबरेत चमक निघाली आणि उसण भरली, ती चारपाच दिवसांत सुटली म्हणून मी पण विसरून गेले, पण नंतर हळूहळू कंबर जी धरली ती काही सोडेना. आता उजव्या कुल्ल्यापासून मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत कळ जाते, खोकलं शिंकलं की जास्त, आणि सकाळी बेसिनवर वाकून तोंड धुवायचं म्हणजे दिव्यच.

हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं, एमआरआय झाला, त्यात एल फोर एल फाइव्हला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये) डिस्क बल्ज आलंय, म्हणजे मणक्यांमधली चकती बाहेर फुगलीय. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दुखणं कमी होतं पण पित्त असं खवळतं की कंबर परवडली. म्हणून फिजिओथेरपीला जाते, तिथे चार ओले पॅड लावून मुंग्या येणारं मशीन असतं (आयएफटी म्हणतात), मग कंबरेला पट्टा बांधून ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ताणतात. तिथून निघताना एकदम हलकं वाटतं, संध्याकाळी भाकऱ्या थापायला उभी राहिले की परत तेच.

घरात तर प्रत्येक जण डॉक्टर आहे. सासूबाई निर्गुडीच्या पाल्याचा शेक देतात (बरं वाटतं खरं), ह्यांनी बेल्ट आणून दिलाय, जाऊबाई म्हणतात कटिबस्ती कर, ऑफिसातली मैत्रीण एका हाडवैद्याकडे चल म्हणून मागे लागलीय, आणि सासरे म्हणतात गादी सोड, जमिनीवर झोप. मी दोन रात्री झोपले, सकाळी उठताच येईना.

तर प्रश्न असा की बिनगोळ्यांचं यातलं नक्की काय करू? सगळंच थोडं थोडं करू की एकच धरू? आणि बल्ज आहे म्हटल्यावर व्यायाम करायचा की नाही? कुणी म्हणतं अजिबात वाकू नको, कुणी म्हणतं चालत राहा. डोकं भंजाळलंय.


गावठी_बटाटा
ताई, आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधतात आणि त्याची लाथ कंबरेत घेतात. मी स्वतः पायाळू आहे :) लहानपणी आख्खी आळी माझ्या लाथा खाऊन गेलीय, कुणी पेढा द्यायचं कुणी आठ आणे. उसण बहुतेक वेळा आठवड्याभरात आपोआप सुटतेच, श्रेय मात्र माझ्या पायाला. त्यामुळे "अमक्याने केलं आणि दोन दिवसांत बरा झालो" असे किस्से आले की मला माझे पेढे आठवतात.

बाकी तुमचं प्रकरण उसणीच्या पुढे गेलेलं दिसतंय, इथे मणकेश्वर आहेत ते सांगतील नीट. बोलवा त्यांना.


मणकेश्वर
आलो आलो. आधी नेहमीचं पुराण: मी फिजिओ आहे, पण स्क्रीनवरून कुणाला तपासता येत नाही, त्यामुळे जे लिहितोय ते माहिती म्हणून घ्या.

कृष्णाकाठ ताई, पहिलं काम, हे तपासा. बसायच्या जागी, जांघेत बधिरपणा आहे का, लघवी अडकते किंवा नकळत होते का, पाऊल घसटतंय किंवा टाचेवर चालताना पंजा उचलला जात नाहीये का. यातलं एक जरी असेल तर धागा बंद करा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, तिथे शेकबिक काही चालत नाही. तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसत नाही म्हणून पुढे लिहितो.

तो बल्ज. २०१५ साली एक मोठा आढावा आला होता, ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांचे स्कॅन बघितले होते. विशीतल्या ३० टक्के लोकांना बल्ज, चाळिशीतल्या ५० टक्क्यांना, ऐंशीतल्या ८४ टक्क्यांना. म्हणजे तुमच्या वयाच्या न दुखणाऱ्या दोघांपैकी एकाच्या रिपोर्टात हेच वाक्य येणार. तुमच्या पायात कळ जातेय म्हणजे नस कुठेतरी चिडलेली आहे हे खरं, त्याला नाही म्हणत नाही, पण "बल्ज आलाय, आता आयुष्यभर जपून" असं काही नसतं. मोठी बाहेर आलेली डिस्कसुद्धा बऱ्याच जणांत काही महिन्यांत आपोआप आक्रसते.

आता मशीन. लोक मला शिव्या घालतील (माझ्याच व्यवसायातले जास्त) पण सांगतो. आयएफटी, टेन्स (तेही विजेच्या मुंग्यांचंच), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचं मशीन) आणि ट्रॅक्शन या चौकडीवर आपल्याकडची अर्धी क्लिनिकं चालतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलं की कंबरदुखीसाठी ही चारही देऊ नका. डब्ल्यूएचओने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढलं, त्यातही ट्रॅक्शन, टेन्स, अल्ट्रासाउंड आणि कंबरेचे बेल्ट नेहमीच्या उपचारात नकोत असंच आहे. मग निघताना हलकं का वाटतं? तर मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मध्ये मांडलेली गेटची कल्पना आहे, स्पर्श, कंपन, मुंग्या असल्या संवेदना मज्जारज्जूत दुखण्याच्या निरोपाला काही काळ अडवून धरतात. गुडघा आपटला की आपण चोळतो ते यासाठीच. मशीन बंद झालं की थोड्या वेळाने गेट उघडतं. तुमचा अनुभव शंभर टक्के पुस्तकी आहे, सकाळी हलकं, भाकरीच्या वेळी परत तेच.

म्हणून मी मशीन अजिबात लावत नाही असं नाही. फार दुखत असेल तर पंधरा मिनिटं लावतो, कमी झालं की लगेच त्याच तासात हालचाल करून घेतो. तुमच्या फिजिओने मशीन लावून घरी पाठवलं आणि एकही व्यायाम शिकवला नाही असं असेल तर त्यांना सरळ विचारा, की मला घरी करायला काय देणार. विचारायला लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

शेक चांगला, सासूबाईंना नमस्कार सांगा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सांगितलं की ताज्या कंबरदुखीत गोळीच्या आधी शेक, मसाज, ॲक्युपंक्चर, हाताने मणक्याला दिलेले झटके यांचा विचार करा, आणि यात शेकाचा पुरावा त्यातल्या त्यात बरा. निर्गुडी असो, रबरी पिशवी असो, मुद्दा उबेचा. पंधरा वीस मिनिटं, मध्ये टॉवेल ठेवून. शुगर असेल आणि त्वचेला चटका नीट कळत नसेल तर जपून, भाजलेल्या कंबरा मी बघितल्यात. बर्फ लावायचा की शेक यावर इथे पूर्वी दोनशे प्रतिसादांचं युद्ध झालंय ते परत नको, ज्याने बरं वाटतं ते करा.

जमिनीवर झोपणं: सासऱ्यांची पिढी हे शंभर टक्के खरं मानते. स्पेनमध्ये ३१३ लोकांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला होता, २००३ मध्ये लॅन्सेटला आला, त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांची कंबर जास्त सुधारली. तुम्ही कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांमध्ये उशी, उताणं झोपत असाल तर गुडघ्यांखाली उशी. नवीन महाग ऑर्थो गादी घ्यायची गरज नाही, आणि हो, जुनी कापसाची गादी मध्ये खड्डा पडलेली असेल तर पिंजून घ्या.

झोपून राहायचं का? नाही. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवरचा १९९५ चा अभ्यास आहे, काहींना दोन दिवस अंथरुणात, काहींना कंबरेचे व्यायाम, काहींना सांगितलं जमेल तसं रोजचं काम करत राहा. लवकर बरे झाले ते तिसरे. लक्ष द्या, ताज्या उसणीत व्यायामवाले पण मागे पडले. म्हणजे पहिल्या आठवड्यात जोर लावून व्यायाम करायचा नाही, साधं हिंडायचं फिरायचं. व्यायामाची खरी गरज तुमच्यासारखं लांबलं की लागते.

कुठला व्यायाम ते रात्री लिहितो, पेशंट आलाय.


आजीचा_बटवा
मणकेश्वर, माहिती छान पण आमच्या आयुर्वेदाला एक ओळ पण नाही? गृध्रसी म्हणून या दुखण्याचं वर्णन केव्हापासून आहे. गिधाडासारखी चाल होते म्हणून ते नाव.

ताई, कटिबस्ती मी स्वतः घेतलीय म्हणून सांगते काय असतं ते, लोकांना उगाच भीती वाटते. पालथं झोपवतात, उडदाच्या पिठाची घट्ट कणीक मळून कंबरेवर गोल पाळ करतात, कडेने पाण्याचं बोट फिरवून चिकटवतात म्हणजे गळत नाही. मग त्यात कोमट औषधी तेल ओततात, मला महानारायण तेल होतं. गार व्हायला लागलं की थोडं काढून गरम करून परत ओततात, असं अर्धा तासभर. नंतर तेल काढून हलकं चोळतात. त्या अर्ध्या तासात मला शांत झोप लागायची, जी रात्री लागत नव्हती. कोर्स झाल्यावर मला पुष्कळ फरक पडला. एवढंच बघा की नीट शिकलेल्या वैद्यांकडे घ्या, ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत नको.


मणकेश्वर
आजीचा_बटवा, रागवू नका, मी विरोधात नाहीये. झोप लागत होती हे तुम्ही लिहिलंय ना, ते फार महत्त्वाचं आहे, झोप नसली की दुखणं जास्त जाणवतं आणि दुखलं की झोप लागत नाही. अर्धा तास ऊब, निवांत पडणं, कुणीतरी आपुलकीने चोळणं, हे सगळं उपयोगीच. माझं म्हणणं एवढंच की तेल डिस्कपर्यंत झिरपून तिला वंगण घालतं असं जे सांगतात ते पटत नाही, डिस्क खूप खोल असते. घ्या, बरं वाटेल, पण घेऊन झाल्यावर परत त्याच खुर्चीत सात तास बसणार असाल तर आयएफटीचीच गत. मसाजचंही तसंच. डब्ल्यूएचओच्या यादीत मसाज आहे, पण व्यायामाच्या आणि माहितीच्या जोडीने.


पिंपळपार
हाडवैद्याकडे माझा मेहुणा बरा झाला. कट्ट आवाज आला आणि मणका जागेवर. डोळ्याने बघितलंय.


मणकेश्वर
तो आवाज सांध्यातल्या पाण्यात वायूची पोकळी तयार होते त्याचा, बोटं मोडल्यावर येतो तोच. मणका जागेवरून गेलेलाच नसतो, जागेवर कसा येणार? मणका खरंच सरकला असेल तर पेशंट चालत येत नाही, स्ट्रेचरवरून येतो. हाताने केलेल्या उपचाराने काही जणांना आराम पडतो, ते खोटं नाही, शिकलेले फिजिओ पण ते करतात. पण आधी तपासून. पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईला, किंवा पायात ताकद कमी होत असलेल्या माणसाला जत्रेतल्या माणसाने गुडघा लावून झटका दिला तर काय होतं ते मी इथे लिहीत नाही. महाराष्ट्रात फिजिओसाठी राज्याची व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे, नोंदणी असते. विचारा नोंदणी आहे का म्हणून. ताई, मैत्रिणीला सांगा चहा प्यायला येते, हाडवैद्याकडे नको.


लेस्टरवासी
इकडे यूकेत माझं असंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. जीपीने (इकडचा फॅमिली डॉक्टर) एमआरआय सांगितलाच नाही. मला वाटलं पैसे वाचवतायत. फिजिओला आपणच फॉर्म भरून नंबर लावायचा, मग फोनवर एका बाईंनी अर्धा तास प्रश्न विचारले, मशीन नाही, मसाज नाही, एक छापील पत्रक आणि "कीप मूव्हिंग". मी एवढा वैतागलो की आईला फोन करून म्हटलं तिकीट काढतो, पुण्यात येऊन नीट ट्रीटमेंट घेतो. शेवटी नाइलाजाने त्या पत्रकातलं करत गेलो आणि सुटलो.

एक गंमत, ॲक्युपंक्चरबद्दल. नाइसने २००९ मध्ये द्या म्हटलं होतं आणि २०१६ मध्ये देऊ नका म्हटलं. अमेरिकावाले द्या म्हणतात. आता यात सामान्य माणसाने काय समजायचं? मणकेश्वर?


मणकेश्वर
जर्मनीत या विषयावर दणदणीत मोठा अभ्यास झाला, ११६२ पेशंट, २००७ मध्ये निकाल आला. खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी जवळपास ४८ टक्क्यांना फायदा, मुद्दाम चुकीच्या जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना, आणि नेहमीच्या गोळ्या-व्यायामवाल्यांपैकी २७ टक्क्यांना. आता याचा अर्थ लावा. अमेरिकन म्हणाले, बघा, नेहमीच्या उपचारापेक्षा चांगलं आहे, धोका कमी आहे, द्या. ब्रिटिश म्हणाले, खोट्या सुया आणि खऱ्या सुया सारख्याच, मग पैसे कशाला? आकडे तेच. डब्ल्यूएचओने सुयांना हलकासा होकार दिलाय. माझं मत विचाराल तर, परवडत असेल, सुया नवीन आणि बंद पाकिटातल्या असतील, तर करून बघायला हरकत नाही, पण यादीत वरच्या नंबरला ठेवू नका.

आता व्यायाम. कोक्रेन या अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात २४९ अभ्यास आहेत, काहीच न करण्यापेक्षा व्यायामाने जुनाट कंबरदुखी कमी होते. किती कमी? चमत्कार नाही, पण बऱ्यापैकी, आणि ती टिकते. पिलाटीस, योग, पोहणं, यात उन्नीस-बीस. जो तुम्ही उद्या आणि पुढच्या महिन्यात पण कराल तो खरा.

ताई, तुमच्या पायातल्या कळेसाठी एक गोष्ट आधी करून बघण्यासारखी आहे, पण तुमच्या फिजिओच्या समोर करा. न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी म्हणून फिजिओ होते. १९५६ मध्ये त्यांनी एका पायदुखीच्या पेशंटला आत जाऊन पालथं झोपायला सांगितलं, आधीच्या पेशंटसाठी टेबलाचं डोकं उचललेलं तसंच राहिलं होतं, तो गृहस्थ बिचारा तसाच कंबर मागे वाकवून पडून राहिला. मॅकेन्झी आत आले, बघून हादरले, आणि पेशंट म्हणतो पायातलं गेलं की! त्यातून पुढे त्यांची सगळी पद्धत निघाली.

करायचं असं. पालथं पडायचं, दोन तीन मिनिटं नुसतं, मान एका बाजूला. सहन झालं तर कोपरांवर या. तेही जमलं तर तळहात खांद्यांखाली टेकून फक्त छाती उचला, कंबर आणि पोट चटईवर सैल सोडलेलं, कुल्ले आवळायचे नाहीत. भुजंगासन माहिती असेल, पण इथे जोर हातांचा, पाठीचा नाही. आठ दहा वेळा. आणि सगळं लक्ष कळेकडे: कळ गुडघ्याकडून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात, तिथून कंबरेत अशी वर सरकली तर उत्तम, भले कंबर थोडी जास्त दुखेना, चालेल. उलट कळ पोटरीकडे, पावलाकडे उतरली तर थांबा, हा व्यायाम तुमचा नाही, काहींना उलट पुढे वाकल्यावर बरं वाटतं. हे समजून घेतलंत तर निम्मं काम झालं.

दुसरं, हातागुडघ्यांवर रांगायच्या पवित्र्यात येऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, कंबर हलू न देता सातआठ सेकंद, मग बाजू बदलून. कॅनडाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांच्या तीन व्यायामांतला हा एक. डगमगलात तर नुसता पाय लांब करा.

तिसरं आणि माझं सगळ्यात लाडकं, चालणं. ऑस्ट्रेलियात वॉकबॅक नावाचा अभ्यास झाला, २०२४ ला लॅन्सेटमध्ये आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांना घेतलं, निम्म्यांना फिजिओने हळूहळू वाढवत चालायला लावलं आणि थोडं समजावून सांगितलं, निम्म्यांना काही नाही. न चालणाऱ्या गटात दुखणं परत यायला मध्यम हिशोबाने ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांत २०८. ना मशीन, ना सिटिंग. टार्गेट पण फार नव्हतं, सहा महिन्यांत वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. कराडला प्रीतिसंगमासारखी जागा असताना ट्रेडमिलचा विचार करू नका.


पन्नाशीतला_तरुण
छान प्रतिसाद. योगाबद्दल थोडं मी लिहितो. पुण्यात मी बरीच वर्षं अय्यंगार पद्धतीच्या वर्गाला जातोय. बी.के.एस. अय्यंगारांची रमामणी संस्था १९७५ पासून शिवाजीनगर भागात आहे, तिथे भिंतीला दोर टांगलेले असतात, खुर्च्या, पट्टे, लोड, विटा, जो जसा आखडलेला असेल त्याला त्याप्रमाणे आधार देऊन आसन. कंबरदुखीवाल्याला हे फार बरं पडतं कारण आसन "जमवायचं" नसतं, त्यात विसावता येतं. खुर्चीवर पोटऱ्या ठेवून जमिनीवर उताणं पडायचं, एवढं एकच घरी करून बघा ताई, ऑफिसातून आल्यावर दहा मिनिटं. मला कुठल्याही बामापेक्षा ते आवडतं.

पण फोनवर बघून योग करू नका ही हात जोडून विनंती. पायात कळ असताना पश्चिमोत्तानासन, हलासन आणि सूर्यनमस्कारातलं ते पटकन खाली वाकणं काही दिवस नको. शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा की पायात कळ जाते. जो शिक्षक हे ऐकून "काही होत नाही, वाका" म्हणेल त्याची फी परत मागा.

अवांतर: लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून आसनांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला, तेव्हा "योगाला पुरावा कुठाय" म्हणणाऱ्यांनी थोडं दमानं घ्यावं :)


गावठी_बटाटा
अवांतरावर अवांतर नको, ताईंची कंबर राहील बाजूला.


कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी डॉक्टरांनी पण सांगितलं नव्हतं. मणकेश्वर दादा, तुम्ही लिहिलेल्या खुणा तपासल्या, बधिरपणा वगैरे काही नाही, टाचेवर चालता येतंय. फिजिओ मॅडमना विचारलं की घरी काय करू, त्या हसल्या आणि म्हणाल्या तुम्ही पहिल्याच आहात विचारणाऱ्या, बाकी सगळे मशीन किती वेळ लावणार एवढंच विचारतात! त्यांनी पालथं झोपवून बघितलं, कोपरांवर आल्यावर गुडघ्यातली कळ मांडीत आली. ट्रॅक्शन बंद केलंय त्यांनीच. म्हणजे त्यांना येत होतं सगळं.

अजून शंका: १) बेल्ट टाकून देऊ का, हे हिरमुसतील. २) भाकरी थापताना आणि पीठ मळताना काय करू, ते टाळता येत नाही. ३) स्कूटी चालवू का, आमच्या रस्त्याचे हाल विचारू नका. ४) काउंटरवर उठता येत नाही, गिऱ्हाईक असतं.


मणकेश्वर
वा, मॅडमना माझ्याकडून चहा. तुम्ही विचारलंत ते उलटीकडून घेतो.

काउंटर: आदर्श पोझिशन म्हणून काही नसतं, सरळ ताठ बसून पण तीन तासांनी दुखणारच. बदलत राहायचं. शिक्का मारायचा, रजिस्टर काढायचं, फोन घ्यायचा ही कामं उभ्याने करा. पाण्याची बाटली जवळ न ठेवता लांब ठेवा, झक मारत उठावं लागेल. खुर्ची खोल असेल तर कंबरेच्या मागे टॉवेलची गुंडाळी.

स्कूटी: कळ गुडघ्याच्या खाली जात नाही तोवर थोडं अंतर चालेल, खड्ड्यात आदळणं मात्र जमेल तेवढं टाळा, काही दिवस कुणी सोडत असेल तर सोडू द्या.

भाकरी: ओटा बुटका असतो आणि आपण कंबरेतून वाकतो, घोळ तिथे आहे. एक पाय छोट्या पाटावर किंवा ओट्याखालच्या कपाटाच्या कडेवर ठेवायचा, थोड्या वेळाने पाय बदलायचा. पीठ मळताना परात ओट्याच्या अगदी कडेला, पोटाजवळ. खाली बसून मळत असाल तर सध्या नको. आणि खालून काही उचलायचं तर कुल्ले मागे नेऊन, गुडघे सैल करून, वस्तू अंगाला चिकटवून. पण कायम घाबरत घाबरत वाकायचं असं पण नाही हो. कळ गेली की हळूहळू सगळं वाकणं परत सुरू करायचं, कंबर वाकायलाच असते.

बेल्ट: टाकू नका, लांबच्या एसटी प्रवासाला किंवा एखाद्या जड कामाच्या दिवशी तासदोन तास लावा, घरधन्याचा मान राहील. दिवसभर लावून बसू नका.

आणि मधूनच एखाद्या दिवशी परत दुखेल, तेव्हा घाबरून सगळं बंद करू नका. त्या दिवशी शेक, कमी चालणं, दुसऱ्या दिवशी परत चालू.


आजीचा_बटवा
ताई, एसटीत मागची सीट घेऊ नका कधीच. हे कुठल्या ग्रंथात नाही पण लिहून ठेवा.


दूधना_काठ
मी नवीन सभासद, हा धागा शोधून आलो. आमचे वडील ६८ वर्षांचे, परभणीजवळ गावी असतात, शेती करतात. दोन महिने झाले कंबर दुखते, आधी वाटलं कापूस वेचणीत धरली असेल. गावातला एक जण रोज तेल लावून रगडून मालिश करतो, अंगावर पाय देऊन उभा राहतो, तेवढ्यापुरतं बरं म्हणतात. पण आता रात्रीचं जास्त दुखतं, आडवं पडल्यावर पण थांबत नाही, कुशी बदलताना ओरडतात. जेवण कमी झालंय, सदरा ढगळा व्हायला लागलाय. संध्याकाळी अंग कोमट लागतं असं आई म्हणते. वर लिहिलेला पालथं झोपायचा व्यायाम त्यांच्याकडून करून घेऊ का? का ॲक्युपंक्चर?


मणकेश्वर
नाही. काहीच करून घेऊ नका, आणि मालिश आजच्या आज बंद करा, अंगावर उभं राहणं तर मुळीच नाही.

हे या धाग्यातलं दुखणं वाटत नाही. साधी कंबरदुखी विसावा घेतला की कमी होते. रात्री वाढणारं, झोपल्यावर न थांबणारं दुखणं, वजन उतरणं आणि संध्याकाळचा ताप हे एकत्र असेल तर आधी मणक्याचा क्षयरोग किंवा दुसरा एखादा हाडाचा आजार नाही ना हे बघावं लागतं. मणका आतून कमकुवत झालेला असताना रगडलं तर तो दबू शकतो आणि पायातली ताकद जाऊ शकते. घाबरवत नाहीये, मणक्याचा टीबी वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट आहेत. पण आधी रक्त, एक्सरे, लागला तर एमआरआय. डॉक्टरांना ताप आणि वजनाचं आधी सांगा, नुसतं कंबर दुखते म्हणालात तर तेही गोळ्या देऊन पाठवतील. पायात जडपणा आहे का, लघवीला त्रास आहे का, विचारा त्यांना आत्ता फोन करून.


दूधना_काठ
फोन केला. लघवीचं ठीक आहे म्हणतात, पण डावा पाय जड वाटतो असं पहिल्यांदाच बोलले. मला वाटलं होतं रविवारी जाईन तेव्हा नेईन.


मणकेश्वर
रविवारपर्यंत थांबू नका, उद्या सकाळीच जिल्हा रुग्णालयात न्या. मोटरसायकलवर अजिबात बसवू नका, गाडी करा आणि मागच्या सीटवर आडवं झोपवून न्या, खड्डे चुकवत सावकाश. रात्रीत पाय अजून जड झाला किंवा लघवी अडकली तर सकाळची वाट पण बघू नका, १०८ ला फोन करा. जुना एखादा एक्सरे असेल, घरात कुणाला कधी टीबी झाला असेल, तर तो कागद आणि ती माहिती सोबत असू द्या. तिथून काय सांगतात ते इथे किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून कळवा.